पुस्तक अजून ठरलेलं नाही

या, जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट आवाज चढवून सांगायची नाही. तसं केलं तर तिच्यातली बाई दचकेल, आणि ती आधीच पुष्कळ दचकलेली आहे. गोष्ट भीतीची आहे. भुताखेताची नाही, चोराचिलटाची नाही. एक बाई होती आणि ती पुस्तक निवडायला घाबरत होती, एवढीच. हसू आलं तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसायला जागा थोडी आहे. देवाने माणसाच्या पोटात भीती ठेवली ती काही वाईट हेतूने ठेवली नसेल, एवढं मनाशी धरा आणि ऐका.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. दुकानाच्या मागच्या अंगाला अरुंद, अंधारी खोली. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला उजेडात अक्षरांचा तक्ता. खुर्चीतल्या माणसाच्या नाकावर जड गोल चौकट ठेवायची, तिच्या खाचेत एकेक काच सरकवायची आणि विचारायचं, ‘‘आता बरं दिसतं, की आता?’’ दिवसभर हाच प्रश्न. मोठमोठी माणसं या प्रश्नाला भितात हे तिला माहीत आहे. चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचं दिसत राहील असं वाटून त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर घट्ट होतात. मग ती म्हणते, ‘‘घाई नाही, पुन्हा दाखवते.’’ त्या दुपारी खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ होते, आणि फोन वाजला तो मामाचा होता म्हणून तिने खांदा आणि कान यांच्यात तो धरला. ‘‘ठमे, कामात आहेस?’’ मामाने विचारलं. ती म्हणाली, ‘‘बोल ना.’’ ‘‘काही नाही गं. म्हटलं, आपण सगळ्यांनी मिळून एखादं पुस्तक वाचावं. ते फोनवर चौकोनात चेहरे दिसतात ना, तसं बसून. तू, धाकटी, आपला काट्या. मामी कान लावून असेलच, तिला बोलवायला लागत नाही.’’ मग मध्ये श्वासाची जागा, नाकाला लावलेल्या नळीतून हवा येते तिचा बारीक आवाज. ‘‘पुस्तक तू निवड. जाड नको पण. बारीकसंच बघ.’’ फोन ठेवला तरी ती तशीच उभी राहिली. शेवटी खुर्चीतले गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, ‘‘बाई, आता तर मला काहीच दिसत नाहीये.’’ एक डोळा झाकायची काळी चकती असते, तशा तिने त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर लावल्या होत्या.

जाड नको. दोनच शब्द. पण ते मामाच्या तोंडचे होते. हा माणूस उभा जन्म गोदीत क्रेनच्या केबिनमध्ये बसला, आणि जहाज लागायचं असेल, वारा फार असेल, खाली कुणाची तरी सही व्हायची असेल, तेव्हा तिथे वर, घरांच्या छपरांपेक्षा उंच, मांडीवर पुस्तक घेऊन वाचत राहिला. पुस्तक कसं, तर विटेएवढं. बारीक पुस्तक म्हणजे बिस्किट, तो म्हणायचा, चहात बुडवेपर्यंत संपतं. ती लहान असताना त्याने तिला एकदा डबा द्यायला आलेल्या मामीबरोबर वर नेलं होतं. शिडीच्या पायऱ्यांतून खालचं पाणी दिसत होतं, आणि केबिनमध्ये तेलाचा, गरम लोखंडाचा आणि जुन्या कागदाचा वास होता. तो म्हणाला होता, खाली बघू नकोस, हे बघ, आणि पुस्तकातली ओळ दाखवली होती. ओळ कोणती ते ती विसरली. उंचीवर असताना ओळीकडे बघायचं, हे तेवढं राहिलं. आता त्याच मामाची फुप्फुसं त्याला पुरेशी होत नव्हती. डॉक्टर आधी ‘होईल’ म्हणायचे, मग ‘बघू’ म्हणू लागले. आणि आता मामा म्हणत होता, जाड नको. म्हणजे त्याने मनातल्या मनात काहीतरी मोजलं होतं. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात काहीतरी दुसरं धरून बघितलं होतं आणि पुस्तक जड भरलं होतं. दुकानातून घरी जाताना, ओळीने दिवे लागलेल्या रस्त्यावरून, ती हेच चघळत गेली, आणि एका दुकानाच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा तिला वाटलं, ही बाई कुणाला तरी शोधतेय.

मंडळ मात्र झालं. धाकटीने केलं. धाकटी म्हणजे तिची बहीण, लांब दुसऱ्या देशात असते, शाळेत विज्ञान शिकवते आणि कुठल्याही गोष्टीचं दोन मिनिटांत जमवते, निम्मं जमवते आणि उरलेलं तसंच सोडते. तिने एक लिंक बनवली आणि सांगितलं, हीच कायमची, दर वेळी नवी बनवायला मी काही तुमची नोकर नाही. मंडळाला ‘चार टाळकी’ हे नाव काटेवाल्यांनी दिलं. काटेवाले म्हणजे मामाचे गोदीतले दोस्त. फाटकाशी वजनकाट्यावर ट्रक तोलायचे. मामा वर आणि हे खाली, म्हणून त्यांच्या दोस्तीत कायमची एक तक्रार होती: ‘‘तू वरून लोखंड नाचवायचास आणि माझं डोकं खाली उघडं असायचं.’’ पहिल्या रविवारी सकाळी चौघांचे चौकोन उघडले. धाकटीकडे संध्याकाळ होती, तिच्या मागे कपडे वाळत होते. काटेवाल्यांचं फक्त कपाळ आणि पंखा दिसत होता. मामाच्या चौकोनात आधी छत, मग मामीचा अंगठा, मग मामा. नाकाखाली नळी. दाढी केलेली होती. मंडळ आहे म्हणून त्याने दाढी केली होती, हे तिच्या ध्यानात आलं.

‘‘हं, काय निवडलंस?’’ मामा म्हणाला.

‘‘अजून ठरलेलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही सुचवा.’’

धाकटीने एक रहस्यकथा सुचवली. हिने विचारलं, त्यात कुणी मरतं का. ‘‘ताई, रहस्यकथा आहे, पहिल्या पानावरच मरतो. नाहीतर रहस्य कसलं?’’ ‘‘मग नको.’’ काटेवाले म्हणाले, त्यांच्याकडे एक प्रवासवर्णन आहे, एक माणूस वाळवंट ओलांडतो. तिने विचारलं, पोचतो का. ‘‘अहो, मी अर्ध्यातच ठेवलं होतं ते,’’ काटेवाले म्हणाले, ‘‘फार ऊन होतं.’’ मामा हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला संपेपर्यंत तिघंही आपापल्या चौकोनात पुतळ्यांसारखी बसली. ‘‘मग पाककृतींचं वाचू या,’’ धाकटी म्हणाली, ‘‘पण त्यातही कोंबडी मरतेच, आधीच सांगते.’’ मामीचा आवाज कुठून तरी आला: ‘‘मला विचाराल तर काहीतरी हसायचं वाचा.’’ मामा म्हणाला, ‘‘तुला कुणी विचारलं?’’ ‘‘म्हणूनच म्हटलं, मला विचाराल तर.’’ सगळे हसले. तीही हसली. आणि हसताना तिला कळलं की पुस्तक ठरलं नाही याचा तिला आनंद झालाय, लहान मुलाला शाळा बुडाल्याचा होतो तसा, गुपचूप, अपराधी.

कारण असं होतं. तिचे वडील गात गात कथा सांगायचे. प्रार्थनेच्या सभागृहात, संध्याकाळी, उभ्याने. कथा सांगता सांगता मध्येच गायचे, गाता गाता मध्येच थांबायचे आणि समोरच्या एखाद्या डुलक्या घेणाऱ्या माणसाला विचारायचे, ‘‘काय बाबा, पुढे काय झालं असेल?’’ त्यांचा आवाज ऐकायला माणसं कामाचे कपडे न बदलता येत. ती पुढच्या ओळीत, थंड फरशीवर बसायची. वडील म्हणायचे, कथा अर्ध्यावर टाकून उठू नये. उठलात तर कथेतला माणूस तिथेच उभा राहतो बिचारा, जिथे तुम्ही सोडलात तिथे, देवाने त्याला पुढे न्यायचं कसं? हे ते गमतीत म्हणायचे, लोकांनी मध्येच उठू नये म्हणून. मोठ्यांना ती गंमत कळायची. तिला कळली नव्हती. एका संध्याकाळी त्यांनी एका आंधळ्या म्हाताऱ्याची कथा लावली. म्हातारा नदीपलीकडे मुलाला भेटायला निघालाय, नावेत बसलाय, नाव मधोमध आली आणि वाऱ्याने दिशा बदलली. तिथे वडिलांचा घसा बसला. ते म्हणाले, ‘‘उरलेली उद्या.’’ घरी जाताना तिने त्यांचा हात धरून विचारलं, म्हातारा पोचतो का? ते म्हणाले, ‘‘उद्या.’’ हात गरम होता, नेहमीपेक्षा गरम. पुढे ते दहा-बारा दिवस तापाने पडून होते आणि त्या दिवसांतला एकही दिवस ‘उद्या’ निघाला नाही. ते गेल्यावर सभागृहात दुसरे कुणी आले, दुसऱ्या कथा सुरू झाल्या, कुणी म्हाताऱ्याचं विचारलंसुद्धा नाही. ती मोठी झाली, शिकली, तिने भिंगांचं गणित शिकून घेतलं, प्रकाश कुठे वाकतो आणि का वाकतो ते तिला सांगता येतं. पण पुस्तक हातात घेतलं की ती आधी शेवटचं पान वाचते. सगळे पोचले याची खात्री झाली की मग पहिल्या पानावर येते. घरच्यांना वाटायचं ही खोड आहे. ती खोड नव्हती. ती पलीकडच्या काठावर आधी जाऊन उभी राहायची.

आणि आता तिला एक कथा सुरू करायची होती, जिच्या शेवटापर्यंत एक माणूस असेल की नाही याची खात्री कुठल्याही शेवटच्या पानावर लिहिलेली नव्हती. सुरू केली आणि मध्येच मामा... तिथे ती विचार थांबवायची. विचार थांबायचा नाही, फक्त खाली जायचा, तळघरात गेल्यासारखा, आणि तिथून त्याचा आवाज येत राहायचा. दुकानातून सुटल्यावर ती पुस्तकांच्या दुकानात जाऊ लागली. पुस्तक उचलायची, अंगठ्याने त्याची जाडी चाचपायची. बारीक असेल तर वाटायचं, हे निवडणं म्हणजे मामाशी सहमत होणं. हो, तुला एवढाच वेळ आहे, असं त्याच्या तोंडावर सांगणं. जाड असेल तर म्हातारा नावेत. मधलं असेल तर त्याच्याकडे बघून काहीच कळायचं नाही, आणि ते सगळ्यात भयंकर. विक्रेती पोरगी ओळखू लागली होती. ‘‘काही विशिष्ट हवंय का?’’ तिने एकदा विचारलं. ही म्हणाली, ‘‘असं काहीतरी, ज्यात कुणी कुठे निघालेलं नाही.’’ पोरीने बराच विचार केला आणि बागकामाच्या पुस्तकांकडे बोट केलं.

रविवारमागून रविवार गेले. घोडं तिथेच पेंड खात राहिलं. ती दर वेळी नवी हरकत काढायची: अक्षरं बारीक आहेत, मामाला त्रास होईल, छापील प्रत मिळत नाही, लेखक फार पाल्हाळ लावतो, ही मालिका आहे, दुसरा भाग आलेला नाही. शेवटचं ऐकून धाकटी म्हणाली, ‘‘ताई, तू पुस्तक शोधत्येस की नवरा?’’ मामा आताशा कमी बोलायचा. त्याची वाक्यं तुटू लागली होती. क्रियापद यायच्या आधी तो थांबायचा आणि क्रियापद येईल की नाही याची तिघं वाट बघायची. एका रविवारी त्याने दाढी केलेली नव्हती. एका रविवारी चौकोनात तो उशीला टेकून होता आणि मागची भिंत वेगळी होती, म्हणजे पलंग खिडकीकडे हलवला होता, उजेडासाठी की हवेसाठी ते विचारायचा तिला धीर झाला नाही. ती रोज देवापाशी बसायची आणि डोळे मिटून, शरम वाटत असतानाही, तेच मागायची: देवा, अजून ठरू देऊ नकोस. जोवर ठरलं नाही तोवर सुरू नाही, आणि जोवर सुरू नाही तोवर काही अर्धं राहू शकत नाही. हिशेब बिनतोड होता. बिनतोड हिशेबाचीच माणसाला जास्त भीती वाटावी. पण ते तिला तेव्हा सुचलं नाही.

मग अचानक कुणी विचारीनासं झालं. ‘‘सुचेल तेव्हा सांग गं,’’ मामा म्हणायचा आणि काटेवाले गुडघेदुखीवर बोलायचे, धाकटी शाळेतल्या गमती सांगायची. आधी तिचा जीव भांड्यात पडला. नंतर तिला वाटू लागलं की तिघांच्या मध्ये काहीतरी आहे. काटेवाले मध्येच एखादा चमत्कारिक शब्द बोलायचे, ‘‘आपल्या त्या शिशाच्या बुटासारखं,’’ आणि मामा डोळ्यांनी त्यांना गप्प करायचा. शिशाचे बूट? ती विचारायची नाही. ज्या घरात आजारी माणूस असतं तिथे कुजबूज कशाची असते हे तिला ठाऊक होतं. तिला वगळून कुजबुजतात, म्हणजे डॉक्टर काहीतरी बोललेत. ‘बघू’च्या पुढचा शब्द आलाय, आणि तो फक्त तिच्यापासून लपवलाय, कारण ती भित्री आहे.

एका मंगळवारी दुकानातलं काच घासायचं यंत्र बिघडलं आणि मालकाने सगळ्यांना दुपारीच सोडलं. ती घरी आली, कानात घालायचे नवे इअरफोन चालतात का बघावं म्हणून सहज हाताशी होती ती लिंक दाबली. वाटलं होतं रिकामी खोली उघडेल. उघडले तीन चौकोन. काटेवाल्यांचं कपाळ. धाकटी, तिच्याकडे अजून दिवस वर आलेला नव्हता, केस विस्कटलेले, अंगावर पांघरूण. आणि मामाच्या चौकोनात नुसतं छत.

ती तिथेच स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकली. सगळे जमले होते. भलत्या वारी, भलत्या वेळी, धाकटी झोपेतून उठून, आणि तिला कुणी कळवलं नव्हतं. घरातली माणसं अशी कशासाठी जमतात ते लहान पोरालाही कळतं. तिच्या कानात रक्ताचा आवाज इतका मोठा झाला की काटेवाले काहीतरी बोलतायत हे तिला फक्त त्यांच्या कपाळाच्या हालण्यावरून कळत होतं. ओट्यावर चिरून ठेवलेल्या काकडीचा वास येत होता आणि तिला वाटलं, आता या वासाने आयुष्यभर हेच आठवणार. मग शब्द एकेक करून कानात शिरू लागले. काटेवाले एका सुरात, वजनाची पावती वाचतात तसे, वाचत होते: ‘‘... वरून नळी ओढून खूण केली. एकदा म्हणजे ठीक. दोनदा म्हणजे वर घ्या. मी एकदाच ओढली. जहाजाचं बूड डोक्यावर आभाळासारखं होतं...’’ आणि छत दिसणाऱ्या चौकोनातून खोकला आला. मामाचा खोकला. तो खोकला तिने हजार आवाजांतून ओळखला असता.

लगेच तिला राग चढला. ‘‘हे काय चाललंय?’’ ती म्हणाली.

काटेवाल्यांचं कपाळ गायब झालं, फोन पडला असावा. धाकटी म्हणाली, ‘‘मेले.’’ मामीने मामाचा फोन सरळ केला. मामा तिच्याकडे बघत होता, पकडल्या गेलेल्या पोरासारखा नव्हे. वाट बघून बघून कंटाळलेल्या माणसासारखा.

‘‘तू निवडत होतीस,’’ तो म्हणाला. ‘‘तेवढ्यात आम्ही... वाचलं.’’

पुस्तक एका पाणबुड्या कामगाराच्या आठवणींचं होतं. जहाजांची बुडं पाण्याखाली जाऊन दुरुस्त करणारा माणूस. अंगावर रबरी पोशाख, पायात शिशाचे बूट, तोंडाशी हवेची नळी. ‘‘नळी?’’ ती म्हणाली. ‘‘मामाला तुम्ही नळीचं पुस्तक वाचून दाखवताय? कुणी निवडलं हे?’’ ‘‘मीच,’’ मामा म्हणाला. ‘‘मला जवळचं वाटलं.’’ आणि ते बारीक नव्हतं. मामीने ते उचलून दाखवलं. वीट होती, चांगली भाजलेली. बारीक हवं असं तो फक्त तिला म्हणाला होता, तिने घाबरू नये म्हणून, आणि ती नेमकी त्यालाच घाबरली होती. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी ते वाचत आले होते, आणि खूण शेवटच्या प्रकरणात होती.

‘‘बरं झालं आलीस,’’ मामा म्हणाला. ‘‘काट्या वाचतो ते... सिमेंटच्या गोणीसारखं. शेवट तू वाच.’’ ‘‘गोणी?’’ काटेवाल्यांचा आवाज जमिनीवरून आला, ‘‘इतके दिवस फुकट ऐकलंस ते?’’ धाकटी म्हणाली, ‘‘ताई, मामी आम्हाला पानांचे फोटो पाठवते, तेच तुला टाकते.’’ आणि पानं तिच्या फोनवर येऊ लागली, एकामागून एक, तिला नको असताना.

‘‘आज नको,’’ ती म्हणाली. ‘‘तू दमलायस. उद्या वाचू.’’

तो शब्द तिच्या तोंडातून गेला आणि तिला तो ऐकू आला. गरम हातासकट ऐकू आला. मामाने डोळे मिटले. मग तो बोलला, तुकड्या-तुकड्यांनी. ‘‘ठमे. गोदीत एक नियम असतो. ओझं उचलताना भीती नाही. खाली ठेवतानाही नाही. टांगलेलं सोडून... केबिनमधून उतरायचं नाही. कधीच. खालची माणसं जेवायला जाऊ शकत नाहीत. वर बघत राहतात.’’ श्वास. ‘‘तुला वाटतं तू मला... जपत्येस. तू मला टांगून ठेवलंयस गं.’’

तिला म्हणायचं होतं, मला माफ कर. तिला म्हणायचं होतं, मग खाली ठेवल्यावर काय, मग तर तू उतरशील. आणि तेव्हा, ओट्याशी उभी असताना, तिला कळलं की अर्ध्याची भीती ही पांघरायची भीती होती. तिच्याखाली दुसरी होती, उघडी, थरथरणारी. पुस्तक संपेल याची. संपलं की मामाला थांबवायला काही उरणार नाही. इतकी वर्षं ती आंधळ्या म्हाताऱ्यासाठी रडत आली, पण नाव मधोमध होती तोवर वडील अजून ‘उद्या’ म्हणत होते. तिला नाव पलीकडे लागायला नकोच होती. हे कळून भीती कमी झाली असं नाही. उलट आता ती कुठे बसली आहे ते दिसू लागलं.

‘‘आवाज येतोय का माझा?’’ तिने विचारलं. ‘‘येतोय,’’ मामी म्हणाली. तिने वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसऱ्या ओळीला तो वडिलांसारखा झाला आणि तिसऱ्या ओळीला तिचा स्वतःचा. पाणबुड्या शेवटच्या कामावर गेला होता. एका जहाजाच्या पंख्यात दोर अडकला होता, तो त्याने सोडवला. वर यायला निघाला. वर एकदम यायचं नसतं, अंगातली हवा माणसाला मारते. थोडं वर यायचं, लोंबकळत थांबायचं, पुन्हा थोडं. प्रत्येक थांब्यावर ती थांबून चौकोनाकडे बघायची. पांघरुणाची कड वर जात होती, खाली येत होती. एका थांब्यावर ती खाली आली आणि वर जायला वेळ लागला. मग कड वर गेली. ‘‘वाच,’’ मामा डोळे न उघडता म्हणाला. तिने शेवटचं पान आधी बघितलेलं नव्हतं. पुढे काय आहे हे तिला माहीत नव्हतं, ओळ संपेपर्यंत पुढची ओळ अंधारात होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती अशी चालत होती, पाय टाकावा तिथे जमीन असेल अशा भरवशावर. कुठल्या वाक्यात तो मरेल? या? या? पाणबुड्या वर आला. दोस्तांनी त्याचा पोशाख उतरवला. त्याने चहा घेतला, पोशाख धुऊन दोरीवर टाकला, कुणाचा निरोप घेतला नाही कारण सगळे कामात होते. चालत घरी गेला. दार उघडं होतं. शेवटचं वाक्य आलं तेव्हा ते शेवटचं आहे हे तिला वाचून झाल्यावरच कळलं. ‘‘बायको आतून म्हणाली, बूट बाहेरच काढा.’’

मग मामी खुदकन हसली. ‘‘बघा,’’ ती म्हणाली, ‘‘सगळ्या जगात हेच.’’

मामाने एक डोळा उघडला. ‘‘झालं?’’

‘‘झालं.’’

‘‘एवढा समुद्र... उपसला आणि शेवटाला बूट.’’ तो हसत होता, आवाज न करता, फक्त खांद्यांनी. ‘‘चांगलं आहे. खरं आहे.’’ आणि त्याने हात उचलून, ज्या बटणासाठी त्याला दर वेळी मामी लागायची ते, बरोबर दाबलं. चौकोन गेला. काटेवाले, धाकटी आणि ती, तिघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि काटेवाले नाक पुसत म्हणाले, ‘‘आता पुढचं निवडा बाई, नाहीतर आम्ही पुन्हा चोरून वाचू.’’

तिने निवडलं. दुसऱ्याच दिवशी, जाडी न चाचपता, विक्रेत्या पोरीने हातात दिलं ते. मामाला आवडलं, निदान त्यावर वाद घालण्याइतकं आवडलं. ते मध्यावर आलं होतं तेव्हा मामा गेला. सकाळचा उजेड होता, खिडकी उघडी होती, मामीचा हात त्याच्या कपाळावर होता. म्हणजे तिला ज्याचं भय होतं तेच, तसंच, नेमक्या त्याच जागी झालं. रडणं झालं, माणसं आली-गेली, आणि मग रविवार आला. ती पडद्यासमोर बसली. कुणी येणार नाही असं तिला वाटत होतं, आणि कुणी आलं तर काय करायचं याची त्याहून भीती. आधी काटेवाल्यांचं कपाळ आलं. मग धाकटी, सुजलेल्या डोळ्यांची. मग छत, मग मामीचा अंगठा, मग मामी, एकटी. ‘‘कुठे होतो आपण?’’ काटेवाल्यांनी विचारलं. तिने पान सांगितलं. ओझं टांगलेलं होतं, आणि केबिनमध्ये आता ती होती. तिने पुस्तक उघडलं आणि जिथे मामाने ऐकायचं सोडलं होतं त्याच्या पुढच्या ओळीपासून वाचायला लागली.

झाली गोष्ट. आता उठा, कामं खोळंबली असतील. एकच मागणं आहे. कधी कुणाला मोठ्याने काही वाचून दाखवाल, पोराला, आईला, पलंगावर पडलेल्या कुणाला, तेव्हा एक वाक्य संपवून दुसऱ्यासाठी श्वास घ्याल ना, सहज, न मोजता, तेवढ्या एका श्वासापुरतं त्या क्रेनवाल्या मामाला आठवा. त्याला ऐकायला फार आवडायचं.